जडसंग्रहातले सागवान

मराठीत ‘खण’ हा शब्द तीन ठिकाणी राबतो. वाड्यातल्या दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण, चोळीपुरते मापाचे कापड म्हणजे खण आणि टेबलाचा ओढायचा कप्पाही खणच. तिन्हीकडे आखून घेतलेल्या मापाचा भाव आहे. जुन्या कचेरीतले टेबल पारखायचे असेल, तर या शब्दापासूनच सुरुवात करावी. वरच्या फळ्याकडे लक्ष न देता आधी खण पुरता बाहेर ओढावा आणि उजेडात उलटा धरावा.

फळा कुणीही चकाकवू शकतो. खणाच्या पाठीचे आणि तळाचे सोंग आणण्याच्या फंदात मात्र फारसे कुणी पडत नाही. समोरची फळी आणि बाजू जिथे मिळतात तिथला डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीसारख्या आकाराच्या दातांचा, सांधा हाताने कापलेला असेल, तर शेपट्या कमीजास्त रुंदीच्या असतात, मधले दात निमुळते असतात आणि सुताराने काट्याने ओढलेली आखणीची रेघ शंभर वर्षांनंतरही तिथेच दिसते. यंत्राने पाडलेल्या सांध्यात सगळे दात एका मापाचे, एका अंतरावर. तळफळीवरून खालच्या बाजूने तळहात फिरवावा. हाताने रंधा मारला असेल, तर उथळ लाटा बोटांना कळतात. बाजूंच्या खालच्या कडा मागच्या टोकाला जास्त झिजलेल्या असतात आणि उजव्या हाताचा वरचा खण बहुधा सर्वांत जास्त, कारण दिवसातून पन्नास वेळा हात तिकडेच जातो. चारही खण सारखेच झिजलेले दिसले, तर ती झीज कानशीने केलेली असण्याचा संशय घ्यावा.

पुण्यात असे टेबल हाती येते ते बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, जुन्या फर्निचरच्या दुकानांत, नाहीतर एखाद्या कचेरीच्या लिलावात. सरकारी कचेरीतल्या प्रत्येक खुर्चीची आणि स्टुलाची जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत नोंद असते. वस्तू निकामी ठरली की तिचे निर्लेखन होते, म्हणजे ती नोंदवहीतून कमी केली जाते, आणि ती लिलावात निघते. नोंदवहीतला क्रमांक मात्र टेबलाच्या पायाच्या आतल्या बाजूला किंवा पाठफळीवर पांढऱ्या रंगात तसाच राहतो. कधी खात्याची आद्याक्षरे असतात, कधी ठोकून बसवलेला पत्र्याचा बिल्ला. विक्रेते तो घासून काढतात, कारण गिऱ्हाइकाला ‘स्वच्छ’ वस्तू हवी असते. ही खरोखर हानी आहे. टेबल कुठल्या खात्यात होते, तिथून ते दुसऱ्या कुठे गेले, हे सांगणारा तेवढा एकच कागद त्याच्याजवळ असतो आणि तो त्याच्या अंगावरच लिहिलेला असतो.

पुण्यात कचेरी आधी जमिनीवर बसायची. पेशवाईतला फड म्हणजे गाद्या, लोड, मांडी घातलेले कारकून आणि समोर दौत-कलमदान. कागद ठेवायला कपाट नव्हते, रुमाल होता. चौकोनी कापडात कागदांचा गठ्ठा बांधायचा, वर खूण करायची आणि रचून ठेवायचा. असे हजारो रुमाल आज पुणे पुराभिलेखागारात आहेत. त्या काळच्या दफ्तराचे फर्निचर लाकडाचे कमी आणि कापडाचे जास्त होते, असे म्हटले तरी चालेल. लाकडाची वस्तू होती ती बैठे मेज. पुढून बुटके, मागून उंच, उतरते झाकण, झाकणाखाली कागद-पैशांची पेटी, वरच्या सपाट पट्टीत दौतीचे भोक आणि बोरू ठेवायची पन्हळ. झाकणाच्या खालच्या कडेला बोटभर उंचीची पट्टी असते, ती कागद घसरून मांडीवर येऊ नये म्हणून. व्यापारी पेठांतल्या पेढ्यांवर हे मेज मुनीमजींच्या पुढ्यात अगदी अलीकडेपर्यंत दिसे. ज्याला ते जुने बैठे मेज म्हणून घ्यायचे आहे, त्याने बिजागऱ्यांजवळची कड पाहावी. झाकण हजारो वेळा उघडल्यामुळे तिथले लाकूड दबून गुळगुळीत होते, आणि ते तसे नसेल तर निदान झाकण तरी बदललेले आहे.

१८१८नंतर हळूहळू माणूस जमिनीवरून उठून खुर्चीवर बसला. लष्कराचा कँप वसला, १८५४मध्ये इंजिनिअरिंगचे शिक्षण सुरू झाले, १८५८मध्ये रेल्वे आली, १८६३मध्ये बोरघाटाचा चढ पुरा होऊन मुंबईशी सलग रूळ जोडले गेले. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यात मुक्कामाला येत, तेव्हा कारभारही त्यांच्यासोबत घाट चढे. लष्करी अधिकाऱ्यांचे सामान तर कायमच हलते. त्यातून कँप फर्निचर नावाची एक वेगळीच जात तयार झाली. खणांची पेटी दोन मजल्यांत सुटी होते, पाय फिरवून काढता येतात, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या असतात आणि मुठी लाकडात खोलगट बसवलेल्या असतात, म्हणजे पेटी दुसऱ्या पेटीला घासली तरी काही अडकत नाही. पितळेचे ते कोपरे आज शोभेसाठी वाटेल त्या टेबलावर ठोकलेले दिसतात. खऱ्या पेटीत पट्टी लाकडात कोरून समपातळीत बसवलेली असते, नखाला कड लागत नाही.

शब्दांतही हा बदल दिसतो. खुर्ची अरबीतून फारसीच्या वाटेने आलेली, बाक पोर्तुगिजांकडून, टेबल इंग्रजांकडून. आपले म्हणावे असे कपाट तेवढे राहिले, आणि त्याचाही संस्कृतातला मूळ अर्थ दाराची फळी असा आहे. भिंतीतल्या कोनाड्याला दार लावले की कपाट झाले. वाड्यात फिरताना हे समजायला कोशाची गरज पडत नाही.

पण माझ्या मते कचेरीच्या फर्निचरचा खरा मालक कागद आहे. लाकडाची मापे कागदाने ठरवली आणि कागद ठेवायची रीत बदलली की लाकूडही बदलले. एकोणिसाव्या शतकात पत्र आले की ते उभे दुमडायचे, बाहेरच्या अंगाला तारीख आणि विषय लिहायचा, फीत बांधायची आणि कबुतरखान्यासारख्या कप्प्यात सारायचे. म्हणून त्या काळच्या टेबलांवर तीन-चार इंच रुंद आणि नऊ-दहा इंच खोल अशा कप्प्यांची रांगच्या रांग असते. बफेलोच्या अॅबनर कटलरने १८८२मध्ये पेटंट घेतलेले सरकत्या झाकणाचे टेबल हा या पद्धतीचा कळस. संध्याकाळी सगळे कागद जागच्या जागी ठेवून एका ओढीत झाकण बंद, आणि ते झाकण बंद झाले की बऱ्याच टेबलांत खालचे खणही आपोआप कुलूपबंद. मग १८९०च्या दशकात फाइल उभी ठेवायची पद्धत आली. कागद दुमडायचे कारण उरले नाही, कप्पे ओस पडले आणि त्यांच्या जागी खोल खण आले. टाइपरायटरने टेबलाची उंची उतरवली. लिहायचे टेबल साधारण ३० इंचांचे, टायपिस्टचे २६ इंचांच्या आसपास, कारण यंत्राच्या कळा टेबलापासून चार इंच वर असतात. आज लॅपटॉपसाठी ठेंगणे टेबल शोधणाऱ्याने टायपिस्टचे टेबल हुडकावे. मनगटे अवघडत नाहीत.

बांधकाम खात्याच्या नकाशांनी वेगळेच कपाट मागितले. रुंद, उथळ, जेमतेम दोन इंच खोलीचे खण, मागच्या बाजूला आत वळलेली फळी, म्हणजे गुंडाळी झालेला नकाशा उसळून पाठीमागे पडत नाही आणि फाटत नाही. ग्रंथालयांनी साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या कार्डांसाठी लहान लहान खणांची कपाटे केली. प्रत्येक खणात कार्डांच्या तळाच्या भोकांतून जाणारी पितळी सळई आणि समोर नाव घालायची चौकट. सूची संगणकावर गेल्यापासून ही कपाटे मोकळी झाली. ती घेणाऱ्यांनी सळया फेकू नयेत. एकदा गेल्या की त्या मापाची सळई आणि तिचा आटा पुन्हा जुळवणे फार जिकिरीचे आहे.

पत्र्याने या सगळ्याचा शेवट केला. गोदरेजने १९२३च्या सुमारास पोलादी कपाटे करायला घेतली आणि पुढच्या काही दशकांत वाळवी, आग आणि उंदीर या तीन भयांनी कचेऱ्या लाकडापासून दूर नेल्या. भये खरी होती. त्यांत चूक कुणाची नाही.

आता लाकडाकडे. आपल्याकडचे बहुतेक चांगले कचेरी-फर्निचर सागाचे. भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये अजूनही बर्मा साग आणि सीपी साग ही नावे चालतात. सीपी म्हणजे जुना मध्य प्रांत, चंद्रपूर-बल्लारशाकडचा माल. बर्माच्या फळ्या लांब, सरळ नसांच्या आणि रंगाने एकसारख्या. सीपी सागात रेघा अधिक, रंग गडद, गाठी जास्त. कोणता श्रेष्ठ या वादात पडू नये. चांगला वाळवलेला सीपी साग कोणत्याही टेबलाला शोभतो. साग ओळखायला एक कोपरा पटाशीने अगदी नखभर खरवडावा. आतून सोनेरी तपकिरी रंग, बोटाला तेलकटपणा आणि जुन्या चामड्यासारखा वास येतो. शिसवी निघाली तर रंगात जांभळी झाक असते आणि वजन लगेच कळते. साग घनमीटरला साधारण ६५० किलो भरतो, शिसवी ८००च्या वर जाते. पाठफळ्या, खणांचे तळ आणि आतले आधार मात्र देवदार किंवा दुसऱ्या हलक्या लाकडाचे असू शकतात. त्यात फसवणूक नाही, जुन्या सुताराचा हिशेब आहे. महाग लाकूड दिसेल तिथेच लावायचे.

सागाला कीड लागत नाही, हे अर्धेच खरे. लागत नाही ती गाभ्याच्या लाकडाला. सालीलगतचा पांढुरका भाग भुंगेरा आवडीने पोखरतो आणि स्वस्तात केलेल्या पायांत असा भाग हमखास सापडतो. एक-दोन मिलिमीटरची गोल भोके दिसली म्हणून लगेच घाबरू नये. टेबलाखाली काळा कागद अंथरून ते महिनाभर हलवू नये. कणकेसारखा ताजा फिका भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईने औषध सोडून भोके मेणाने बुजवावीत आणि पुढचा पावसाळा होईपर्यंत ते टेबल बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवावे.

वय ठरवायला लाकडापेक्षा स्क्रू जास्त प्रामाणिक. टोकदार स्क्रू यंत्राने होऊ लागले ते १८४६च्या पेटंटनंतर. त्याआधीच्या स्क्रूचे टोक बोथट असते, डोक्यावरची खाच मधोमध नसते. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकातला. म्हणून ‘इंग्रजांच्या काळातले, दीडशे वर्षांचे’ म्हणून दाखवलेल्या टेबलाच्या बिजागरीत असा स्क्रू दिसला, तर निदान ती बिजागरी नंतरची. करवतीच्या खुणाही पाहाव्यात. आतल्या, न रंधलेल्या भागावर सरळ, थोड्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर फळी हाताने चिरलेली; कमानीसारख्या असतील तर गोल करवतीच्या यंत्रावर. पाठीला प्लायवूड असेल तर ती पाठ विसाव्या शतकातली. वर सनमायका असेल तर निराश होऊ नये. सनमायकाखाली जुना फळा कित्येकदा शाबूत असतो, फक्त चिकट थर काढायला दोन दिवस द्यावे लागतात.

जुने लाकूड आणि जुने टेबल यांत मात्र गल्लत करू नये. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा खांब आणि तुळया विकल्या जातात आणि त्यातून नवे ‘अँटिक’ टेबल तयार होते. लाकूड दोनशे वर्षांचे असेलही. पण पायाच्या मधोमध बुजवलेले चौकोनी भोक दिसले, तर तिथे कधीकाळी दुसरेच कुसू, म्हणजे दुसऱ्या लाकडाचे सांध्यात घुसणारे टोक, बसले होते. असे टेबल घेण्यात गैर काही नाही, लाकूड उत्तमच असते. भाव मात्र नव्या टेबलाचा द्यावा.

दुरुस्तीत सर्वांत मोठा अपराध कॉस्टिक सोडा. जुने पॉलिश झटपट निघावे म्हणून टेबल सोड्याच्या पाण्याने धुतात. पॉलिश निघते, पण सोबत सांध्यांतला सरस सुटतो, साग काळवंडतो, रेषे उभे राहतात आणि नसांत उरलेला क्षार नव्या पॉलिशला महिन्याभरात फोड आणतो. त्याऐवजी आधी कोरड्या कुंच्याने धूळ काढावी, मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या फडक्याने एकेक हात जागा पुसावी आणि लगेच कोरडी करावी. निम्म्या टेबलांना एवढ्यावरच आपला रंग परत येतो. खाली कोणते पॉलिश आहे हे पाहायला आतल्या बाजूला स्पिरिटचा एक थेंब ठेवावा. अर्ध्या मिनिटात चिकट झाले तर चपड्याचे, म्हणजे लाखेचे पॉलिश. ते खरवडावे लागत नाही. त्यावरच नवे चढते, कारण नव्यातले स्पिरिट जुन्याला विरघळवून आपल्यात घेते.

शाईचे डाग काढू नयेत असे माझे ठाम मत आहे. काजळ-डिंकाची देशी शाई पाण्याने निघून जाते. राहतो तो हिराकसाच्या शाईचा निळा-काळा डाग, कारण त्यातले लोह लाकडातल्या द्रव्यांशी बांधले जाते. ऑक्झॅलिक आम्लाने तो फिका होतो, हे खरे. ते आम्ल विषारी आहे आणि भोवतालचे लाकूडही पांढरे पाडते, म्हणजे काळ्या डागाच्या जागी पांढरा येतो. दौत कुठे असायची आणि लिहिणारा कोणत्या हाताने टीप कागद घ्यायचा, हे त्या डागांवरून अजून वाचता येते.

खण अडकतो तेव्हा महिना पाहावा. पुण्याची हवा एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत आणि ऑगस्टमध्ये ओलीचिंब. लाकूड नसांच्या आडव्या दिशेने फुगते. वलये फळीला समांतर असलेला तीन फूट रुंदीचा सागाचा फळा, त्यातल्या ओलाव्यात ४ टक्क्यांचा फरक पडला तर ६-७ मिलिमीटरने हलतो. म्हणून श्रावणात अडकलेल्या खणाला रंधा लावू नये. तेव्हा काढलेला एक मिलिमीटर चैत्रात खुळखुळतो आणि तो परत लावता येत नाही. पांढरी मेणबत्ती बाजूंच्या कडांवर आणि धावपट्ट्यांवर घासावी आणि दसऱ्यापर्यंत थांबावे. हिवाळ्यातही अडकला, तर मगच दोष शोधावा. तो बहुधा झिजेचा असतो. बाजूची खालची कड झिजून खण मागे खचतो, पुढून तोंड वर करतो आणि वरच्या पट्टीला घासतो. कड रंध्याने सरळ करून त्याच लाकडाची, नसा त्याच दिशेने असलेली पाच-सहा मिलिमीटरची पट्टी चिकटवायची आणि पूर्वीच्या उंचीपर्यंत उतरवत आणायची. धावपट्टी खड्ड्यात गेली असेल तर ती काढून उलटी बसवली तरी पुष्कळदा काम होते. टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे खण सरकवायची धातूची पट्टी, मात्र लावू नये. त्याला दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच जागा लागते. ती जागा करायला खणाच्या बाजू कापाव्या लागतात, आणि ज्या सांध्यासाठी टेबल घेतले तोच कचऱ्यात जातो.

तळफळीत पुढच्या बाजूला फट दिसते, तीही चिंतेची नाही. ही फळी खाचेत मोकळी बसवलेली असते आणि फक्त मागच्या कडेला स्क्रूने धरलेली असते, मुद्दाम, हलायला जागा राहावी म्हणून. मागचे स्क्रू काढून फळी पुढे सारायची आणि पुन्हा बसवायची. खाचेत गोंद घातला की पुढच्या उन्हाळ्यात ती मधोमध तडकणार. वरच्या फळ्याचेही तेच. जुना सुतार तो लाकडी बटणांनी अडकवतो, बटणाची जीभ चौकटीच्या खाचेत सरकती राहते. नंतरच्या कुणीतरी डगमगते म्हणून लोखंडी कोन ठोकलेले असतात आणि फळा मधोमध फाटलेला असतो. अशी चीर मे महिन्यात लांबीने, म्हणजे पुट्टीने, बुजवली तर पावसाळ्यात लाकूड फुगून लांबी बाहेर ढकलते. आधी कोन काढावेत, फळा मोकळा करावा, एक पावसाळा जाऊ द्यावा. पुष्कळशी चीर आपली आपण मिटते. उरलेल्या फटीत सागाची पातळ पाचर बसवावी. एसीच्या खोलीत मात्र हवा बाराही महिने कोरडी, तिथे फळा वाट्टेल तेव्हा तडकतो. निदान एसीचा झोत त्यावर येऊ देऊ नये.

डगमगणारा सांधा उघडायला जुना सरस मदत करतो. १९५९मध्ये फेविकॉल आले, त्याआधी सगळे काम जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या सरसाचे. सांध्यात सुईने स्पिरिट सोडले की सरस ठिसूळ होतो आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने सांधा सुटतो. कुसवातून आरपार लाकडी खुंटी असेल तर ती आधी बारीक टोकाकडून ठोकून काढावी, नाहीतर कुसू फाटते. जुना सरस कोमट पाण्याने पूर्ण धुवावा, कारण त्यावर फेविकॉल धरत नाही. चिकटवण्यापूर्वी सागाच्या तोंडावरचे तेल थिनरने पुसून लगेच गोंद लावावा. नवा सरस वापरायचा असेल तर तो रात्रभर थंड पाण्यात भिजवून, पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून ६० अंशांच्या आसपास तापवावा. उकळला की त्याची पकड जाते. पन्नास वर्षांनी तो सांधा पुन्हा उघडावा लागणारच आहे, म्हणून मी सरसाच्या बाजूने.

सरकत्या झाकणाचे काम सर्वांत नाजूक. पाऊण इंचाच्या लाकडी पट्ट्या मागून एका जाड कापडावर चिकटवलेल्या असतात. कापड कुजले की पट्ट्या सुटतात आणि झाकण खाचेत तिरके अडकते. जोर करू नये, पट्टी मोडते. टेबलाची पाठ काढून झाकण खालून बाहेर घ्यावे आणि प्रत्येक पट्टीला मागून पेन्सिलने क्रमांक घालावा, कारण त्या आपापल्या जागी घासून बसलेल्या असतात. जुने कापड आणि सरस साफ करून पट्ट्या तोंड खाली करून काटकोनात घट्ट लावाव्यात. कापड धुऊन वाळवलेले घ्यावे, नाहीतर नंतर आटून झाकण वाकते. दोन्ही टोकांना इंचभर पट्टी कापडाबाहेर ठेवावी, तीच खाचेत धावते. गोंद घट्ट आणि पातळ थरात लावावा. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये उतरला तर झाकण वळणार नाही. पट्ट्यांच्या टोकांना पॉलिश लावायचे नाही, फक्त मेण.

खुर्चीच्या वेताबद्दल थोडेच. बैठक सैल पडली असेल आणि वेत तुटलेला नसेल, तर खुर्ची उलटी करून खालच्या बाजूने गरम पाण्याच्या फडक्याने वेत चिंब भिजवावा आणि सावलीत वाळू द्यावा. वाळताना तो आवळतो. वरची बाजू भिजवून उपयोग नाही, ती चकचकीत सालीची, पाणी घेत नाही. नवी विण घालायची तर सहा फेऱ्या, दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरक्या, आणि शेवटी भोके झाकणारी काठाची पट्टी. भोकांत उरलेला जुना वेत न काढता विणायला घेणारा कारागीर टाळावा.

पॉलिश दसऱ्यानंतर आणि होळीच्या आत करावे. एक लिटर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजवून मलमलीतून गाळायचा. भांडे काचेचे घ्यावे, लोखंडाने चपडा काळा पडतो. विरघळवलेला चपडा सहा महिन्यांनंतर नीट सुकत नाही, म्हणून लागेल तेवढाच करावा. कापसाची पुरचुंडी मऊ सुती कापडात बांधून तिच्यात पॉलिश मुरवायचे आणि थांबू न देता लांब हात मारायचे. हात जागीच थांबला तर खालचा थर उचलला जातो. पुरचुंडी अडखळू लागली की जवसाच्या तेलाचा एकच थेंब. जास्त तेल खाली अडकते आणि महिनाभराने धुरकट होऊन वर येते. रोज आठ-दहा पातळ हात, मग एक दिवस विसावा. पावसाळ्यात हेच काम केले तर स्पिरिट उडताना हवेतला ओलावा खेचला जातो आणि पॉलिशवर पांढरी झाक येते. ती आलीच, तर कोरड्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेली पुरचुंडी भराभर फिरवली की जाते. खोलीत उदबत्तीसुद्धा पेटती नको.

टेबल वापरात ठेवावे. फक्त वायर जाण्यासाठी फळ्याला भोक पाडू नये; पाठीमागून, खणाच्या वरच्या फटीतून वायर नेता येते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे आजोबांचे टेबल पाठवू पाहणाऱ्याने आधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी.

राहता राहिले कुलूप. किल्ली हरवलेला खण वरून पटाशी घालून उघडतात आणि वरची पट्टी कायमची फुटते. त्याऐवजी वरचा खण बाहेर काढून आत हात जातो का ते पाहावे. नाही तर बटणे सोडून फळा उचलावा, म्हणजे कुलपाची जीभ समोर येते. कुलूप चार स्क्रूंनी धरलेले असते. ते सोडवून पूर्ण कुलूपच किल्लीवाल्याकडे न्यावे. झाकण उघडून आतले खटके दिसले की तो पोकळ दांड्याची किल्ली कानशीने घासून जुळवतो. फोटोवरून हे होत नाही. दोन किल्ल्या करून घ्याव्यात. दुसरी खणात टाकू नये. पाठीमागच्या पट्टीला आतून एखादा गंजका खिळा आधीच ठोकलेला सापडण्याची बरीच शक्यता असते, तो तिच्यासाठीच असतो.